डाग दातांवर, दोष कुणाला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत एका बाईने कर्ज मागितलं. लेकीला पाहायला पाहुणे येणार होते आणि तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग. दंतवैद्याने ‘बाँडिंग’ सुचवलं होतं. म्हणजे दात आम्लाने किंचित खरखरीत करून त्यावर दाताच्या रंगाचा लेप द्यायचा आणि निळ्या प्रकाशाने तो घट्ट करायचा. काही वर्षांत लेप डागाळतो, त्याचा टवका उडतो, पुन्हा खर्च.

मुलीच्या भावाचे दातही तसेच. पाच वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं, तेव्हा त्याला कुणी दात दाखव म्हटलं नाही.

हे डाग न घासल्याचे नव्हेत. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी हिरडीच्या आत दात घडत असतानाच ते डाग पडतात.

बाँडिंगला माझा विरोध नाही. तिला स्वतःला मोकळं हसायचं असेल तर तिने जरूर करावं. पण स्थळासाठी कर्ज काढून केलेलं बाँडिंग हा हुंड्याचाच आणखी एक हप्ता.

गटाने कर्ज दिलं. मीही अडवलं नाही. पण तिच्या भावाची तीन वर्षांची मुलगी आज तेच पाणी पिते आहे. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. मैत्रिणींनो, आपल्या गावात त्या पाचजणी कोण, हे ग्रामसभेत विचारू या.