पंचाचे मूल्यमापन : शेरा मारायचा की पंच घडवायचा?



सामना हरला की पहिला राग निघतो पंचावर. शाळेच्या कबड्डीपासून विश्वचषकापर्यंत हे सारखंच आहे. ‘पंच चुकला’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण तो पुढच्या वेळी चुकू नये म्हणून काय करायचं, हे कोणी विचारत नाही. रग्बीत मात्र हा प्रश्न गांभीर्याने घेतला जातो. म्हणून आज रग्बीच्या पंचांविषयी थोडं.

रग्बी आपल्याकडच्या बहुतेक शाळांत खेळत नाहीत. लांबट चेंडू, प्रत्येक संघात १५ खेळाडू, ८० मिनिटांचा सामना. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण हाताने पुढे फेकता येत नाही. तीस धिप्पाड खेळाडूंच्या झटापटीत कोण काय चुकलं, हे मुख्य पंचाने पळता पळता क्षणात ठरवायचं असतं.

६ ऑक्टोबर २००७ रोजी कार्डिफला विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना होता, फ्रान्स विरुद्ध न्यूझीलंड. पंच होते इंग्लंडचे वेन बार्न्स, वय २८. फ्रान्सच्या निर्णायक गुणांआधी चेंडू पुढे फेकला गेला होता आणि तो त्यांच्या नजरेतून सुटला. फ्रान्स २०-१८ असा जिंकला. न्यूझीलंडमध्ये इतका संताप उसळला की बार्न्स यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

त्यांना तेव्हाच कायमचं घरी बसवलं असतं तर? तसं झालं नाही. पुढच्या चारही विश्वचषकांत ते पंच होते. २८ ऑक्टोबर २०२३ चा अंतिम सामनाही त्यांनीच सांभाळला आणि त्यात एक संघ न्यूझीलंडच होता! निवृत्तीच्या वेळी त्यांच्या नावावर १११ आंतरराष्ट्रीय सामने होते.

असा पंच आपोआप तयार होत नाही. वरच्या पातळीवर सामन्यानंतर चित्रफीत पुन्हा पाहतात. दिलेले निर्णय तर तपासतातच, पण शिट्टी वाजायला हवी होती आणि वाजली नाही, तेही तपासतात. पंच खेळाडूंशी कसा बोलला, तेही पाहतात. खालच्या पातळीवर एखादा अनुभवी पंच मैदानाच्या कडेला उभा राहून टिपणं काढतो आणि सामन्यानंतर तरुण पंचाशी बोलतो.

माझ्या मते खरं महत्त्व चुकांच्या आकड्याला नाही, कारणाला आहे. पंच चुकीच्या जागी उभा होता? भलतीकडे बघत होता? नियमच माहीत नव्हता? की माहीत असून कचरला? चूक एकच, पण उपाय चार वेगवेगळे. शिवाय रग्बीत नियमभंग झाला तरी समोरच्या संघाचा फायदा होत असेल तर पंच खेळ चालू ठेवतो. प्रत्येक वेळी शिट्टी वाजवणारा कागदावर बिनचूक दिसेल, पण खेळ मारून टाकेल. असं तारतम्य नुसत्या गुणांत मोजता येत नाही.

कोणी म्हणेल, असं समजून घेत बसलं तर पंच बेफिकीर होतील. मला तसं वाटत नाही. कामगिरी घसरली तर मोठा सामना मिळू नये, हे बरोबरच आहे. पण ते ठरवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. दोन्ही एकाच दमात केलं की माणूस शिकायचं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो.

आपल्या वर्णनात्मक नोंदींचंही असंच आहे. ‘गणितात सुधारणा आवश्यक’ या नोंदीतून ना मुलाला काही कळतं, ना पालकांना. ‘हातचा घेतो, पण मिळवायला विसरतो’ असं लिहिलं की उद्या काय करायचं ते लगेच कळतं. शाळाभेटीत आपल्याला मिळणारा शेराही असाच असावा, असं आपल्यालाही वाटतंच ना?

म्हणून एक सुचवते. पुढच्या क्रीडास्पर्धेत नवीन शिक्षकाच्या हाती शिट्टी असेल, तेव्हा एका अनुभवी शिक्षकाने फक्त त्याच्याकडे लक्ष ठेवावं. सामना झाल्यावर दहा मिनिटं बाजूला बसावं. आधी त्यालाच विचारावं, ‘कुठे अडलं?’ मग एक चांगली गोष्ट आणि सुधारायची एकच गोष्ट सांगावी.

आणि पालकहो, निर्णय पटला नाही तर सामना संपल्यावर शांतपणे जरूर विचारा. पण मैदानाबाहेरून ओरडू नका. मुलं खेळासोबत तेही शिकत असतात. आणि शिव्या खाऊन शिट्टी खाली ठेवणाऱ्या शिक्षकाच्या जागी पुढच्या वर्षी कोण उभं राहणार?