पूर्वजांची जागा

पॅसिफिक महासागरांतील रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेट, येथील पॉलिनेशियन लोकांनीं दगडी हत्यारांनीं ज्वालामुखीच्या खडकांतून नऊशेंहून अधिक प्रचंड पुतळे कोरले. हे ‘मोआई’ म्हणजे त्यांचे पूर्वजच होत.

त्यांपैकीं होआ हाकानानाइआ नांवाचा पुतळा १८६८ सालीं ‘टोपेझ’ या इंग्रजी युद्धनौकेवरील लोकांनीं ओरोंगो येथील दगडी घरांतून काढून नेला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्याच्या अवघीं पांचसहा वर्षें आधीं पेरूच्या गुलामविक्यांनीं बेटावरील शेंकडों माणसें पळविलीं होतीं. पाठोपाठ देवीची सांथ आली होती. अशा खचलेल्या घरांतून उचललेल्या वस्तूस राजीखुशीची देणगी कसें म्हणावें?

२०१८ सालीं बेटाच्या प्रतिनिधींनीं लंडनला जाऊन तो परत मागितला. “तेथें तो सुरक्षित आहे, लाखों लोक त्यास पाहतात,” असें कोणी म्हणतील. तें खरेंही आहे. परंतु आपल्या आजोबांची तसबीर परक्याच्या दिवाणखान्यांत कितीही शोभली, तरी आपल्या घरची भिंत रिकामीच राहते. विद्यार्थिमित्रांनो, परक्याची वस्तु जपणें चांगलें. ती धन्यानें मागतांच परत देणें अधिक चांगलें, असें आम्हांस वाटतें.