अर्धा ‘र’ कुणी वाचवला?

इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्या कॉपीवर लाल गोल पडला. मी ट्रेकिंगवर लिहिलं होतं आणि सह्याद्रीच्या ‘दऱ्यां’ऐवजी टाइप केलं होतं ‘दर्या’. डेस्कवरच्या मॅडम म्हणाल्या, “दर्या म्हणजे समुद्र. सह्याद्रीत समुद्र कधी शिरला गं?” खरं सांगायचं तर तो कोयरीसारखा अर्धा ‘र’ फोनवर कसा काढतात हेच मला माहीत नव्हतं. तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना नसेल. (‘ऱ’ घ्या, त्याचा पाय मोडा, पुढे ‘य’. जमलं?)

आता हा ‘र’ इंटरनेटच्या राजकारणात कसा आला ते बघा.

वेबसाइटच्या पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर जे येतं, म्हणजे ‘.कॉम’, ‘.इन’, ‘.भारत’, त्याची जगाची यादी ‘आयकॅन’ नावाची एक ना-नफा संस्था सांभाळते. ती अमेरिकेत, लॉस एंजेलिसला आहे. अशी नवी टोकं मागण्यासाठी तिने २०१२ नंतर पहिल्यांदाच अर्ज मागवायचं ठरवलं आणि त्यासाठी ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६ ही मुदत जाहीर केली. त्याच्या जरा आधी, मार्चमध्ये, संस्थेची बैठकही आपल्या मुंबईला ठरली. यापूर्वी या बैठका भारतात झाल्या त्या २००८ला दिल्लीत आणि २०१६ला हैदराबादमध्ये. हे टोक देवनागरीतही मागता येतं. पण देवनागरीतली कोणती अक्षरं चालतील, कोणती नाही, हे कोण ठरवतं? आयकॅनमधले अमेरिकन? दिल्लीतलं मंत्रालय? गुगल?

यातलं कुणीच नाही. प्रत्येक लिपीचे नियम ती लिपी वापरणाऱ्यांनीच बसून करायचे, अशी पद्धत आहे. ब्राह्मीतून निघालेल्या नऊ लिप्यांसाठी असा एक गट बसला. त्यात भाषातज्ज्ञ होते, सॉफ्टवेअरवाले होते, डोमेनच्या धंद्यातले लोक होते, पुण्याच्या सी-डॅकसारख्या सरकारी संस्थेतले होते. आणि मुख्य म्हणजे ते एकट्या भारताचे नव्हते. नेपाळ, बांगलादेश अशा शेजारी देशांतलेही होते. असणारच, कारण देवनागरी काही आपल्या एकट्याच्या मालकीची नाही. काठमांडूतलं पोरगंही त्याच लिपीत मेसेज टाकतं.

इथे आपला ‘र’ अडचणीत येऊ शकला असता. बऱ्याच जुन्या कीबोर्डांवर तो अर्धा ‘र’ काढताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालावं लागायचं. वेब पत्त्याच्या टोकात अदृश्य चिन्हांना परवानगी नाही. कारण साधं आहे. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन पत्ते कॉम्प्युटरसाठी वेगळे असले, की फसवणाऱ्यांची चंगळ. मग राहतो फक्त ‘ऱ’ हे अक्षर वापरण्याचा मार्ग. हिंदीच्या रोजच्या लिखाणात या अक्षराचं काही काम नाही. म्हणजे फक्त हिंदी डोळ्यांसमोर ठेवून तक्ता केला असता, तर ते सहज गळालं असतं, कुणाच्या वाईट हेतूशिवाय. मराठीला मात्र ते ‘वाऱ्या’साठी आणि ‘कुऱ्हाडी’साठी लागतंच. आणि गंमत म्हणजे नेपाळीलाही लागतं. ‘त्याने केलं’ यातलं ‘केलं’ नेपाळीत ‘गऱ्यो’ होतं. अगदी आपलाच कोयरीवाला ‘र’!

शेवटी तोडगा निघाला. ‘ऱ’ सुटा चालणार नाही, पण पाय मोडून पुढे ‘य’ किंवा ‘ह’ आला तर चालेल. देवनागरीचे हे नियम २०१९ मध्ये जागतिक तक्त्यात गेले. याच गटाने देवनागरी आणि गुरुमुखीत सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचाही विचार केला. दोन्हीकडचा ‘ठ’ शेजारी ठेवून बघा, फरक सापडत नाही. बँकेच्या पत्त्यात असा एक ‘ठ’ बदलला तर काय होईल, हे सांगायला नको.

एका अक्षरासाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण एकट्याने निर्णय घेतला की काय होतं, याचं उदाहरण त्याच शेजाऱ्याकडे आहे. ४ सप्टेंबर २०२५ला नेपाळ सरकारने नोंदणी केली नाही म्हणून फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअॅपसह २६ प्लॅटफॉर्म बंद करायचा आदेश काढला. ८ तारखेला आपल्याच वयाची मुलं रस्त्यावर आली. त्या एका दिवसात १९ जणांचा जीव गेला. बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. राग निव्वळ अॅप्सचा नव्हता, भ्रष्टाचाराचा होता आणि जुना होता. कंपन्यांनी देशात नोंदणी करावी ही मागणीही चूक म्हणता येणार नाही. पण ज्या माध्यमांवर लोकांचा धंदा, अभ्यास, परदेशातल्या घरच्यांशी बोलणं चालतं, ती बंद करताना त्या लोकांना कुणी विचारलं होतं?

भारतानेही यात बाजू बदललेली आहे. २०११ मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांत सुचवलं होतं, की इंटरनेटच्या धोरणासाठी ५० देशांच्या सरकारांची समिती असावी. २०१५ मध्ये तेव्हाचे मंत्री रविशंकर प्रसाद यांनी ब्यूनस आयर्सला आयकॅनच्या बैठकीत जाहीर केलं, की भारत सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरी संस्था या सगळ्यांनी मिळून ठरवण्याच्या बाजूने आहे. मला ही दुसरी भूमिका पटते. पण डोळे मिटून नाही.

कारण ‘सगळे’ म्हणजे नक्की कोण? आशिया-पॅसिफिकसाठी अशी एक सामायिक परिषद २०१०पासून भरते. पहिली हाँगकाँगला झाली, २०१४ची आपल्याकडे, दिल्लीजवळ नोएडात. सरकारी अधिकारी, कंपनीचा वकील आणि एखाद्या छोट्या संस्थेची कार्यकर्ती तिथे एकाच टेबलावर बोलतात, हे भारीच. पण तिथलं काही कुणावर बंधनकारक नसतं. बोलणं मुख्यतः इंग्रजीत. कंपनीच्या वकिलाचं विमानाचं तिकीट कंपनी काढते, कार्यकर्तीला फेलोशिपची वाट बघावी लागते. टेबल एकच असलं, तरी तिथवर पोचायचा खर्च सारखा नाही.

पैशाचं बघायचं तर पुन्हा त्या टोकांकडे या. नव्या फेरीत एका अर्जाची फी आहे २ लाख २७ हजार डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. गरजू अर्जदारांना सवलत आहे, तरी आकडा बघूनच घाम फुटतो. २०१२च्या फेरीत १,९३० अर्ज आले. त्यातून देवनागरीत आलेली ‘.कॉम’, ‘.नेट’ आणि ‘.संगठन’ ही टोकं कुणाकडे आहेत? पहिली दोन व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे, तिसरं अमेरिकेतल्याच एका ना-नफा संस्थेकडे. लिपी आपली, नियम आपण आणि शेजाऱ्यांनी मिळून केलेले, दुकान मात्र तिकडचं. (‘संगठन’ हा शब्द हिंदी आहे, मराठीत आपण ‘संघटना’ म्हणतो, हेही तुमच्या लक्षात आलं असेलच.) ‘.भारत’ तेवढं आपल्याकडे, २०१४पासून.

तरीही मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. देवनागरीच्या नियमांचा मसुदा पक्का होण्याआधी जाहीर हरकतींसाठी खुला ठेवला होता. कुणीही मत पाठवू शकत होतं. मराठीचे प्राध्यापक, टायपोग्राफी शिकणारी मुलं, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाले, कुणीही. मी तेव्हा शाळेत होते, त्यामुळे मला माफ करा. पण पुढची पाच वर्षं मीडिया शिकताना एकदाही वर्गात हा विषय निघाला नाही, याचं काय करायचं?

तुम्हाला यात शिरायचं असेल तर वाटा आहेत. आशिया-पॅसिफिक परिषदेच्या जोडीने तरुणांसाठी वेगळा कार्यक्रम असतो. २०१६ला हैदराबादमधून सुरू झालेलं ‘इंडिया स्कूल ऑन इंटरनेट गव्हर्नन्स’ आहे. आयकॅनच्या मसुद्यांवर आजही घरबसल्या, फुकट मत पाठवता येतं. मी यातल्या एका फेलोशिपचा फॉर्म भरायला घेतलाय. त्यात ‘तुमच्या समाजाचा कोणता प्रश्न मांडाल’ असा रकाना आहे. तिथे ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यातला फरक इंग्रजीत समजावून सांगायचाय, दोनशे शब्दांत. तीन खर्डे झालेत, जमत नाहीये अजून.