बदामाचा मान

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. जिना चढताना धाप लागते म्हणून त्या दवाखान्यात गेल्या, तिथून त्यांना कुणा आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं, आणि पाचशे रुपये मोजून मावशी एक गुळगुळीत रंगीत कागद घेऊन आल्या. डावीकडे बदाम-अक्रोड, उजवीकडे हिरवी पानं. मथळा : ‘नट्स विरुद्ध हर्ब्स, १०० ग्रॅममधील पोषणमूल्ये’. खाली पेनानं लिहिलेलं : रोज १० बदाम भिजवून, ४ अक्रोड, सॅलडमध्ये पार्सली. पोळी तव्यावर टाकता टाकता मावशींनी विचारलं, “ताई, पार्सली म्हंजे काय वो?”

मला हसू आलं नाही. मी कागद-पेन घेऊन बसले.

१० बदाम म्हणजे साधारण १२ ग्रॅम. त्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. ४ अक्रोडांचा गर विसेक ग्रॅम, त्यातून आणखी अर्धा. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० सालची शिफारस सांगते. म्हणजे महिन्याला हजारभर रुपये सुक्यामेव्यात घालून मावशींच्या गरजेचा तिसावा हिस्सा भागणार. त्यातही सुक्यामेव्यात फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं, म्हणजे पोटात गेलेलं सगळं अंगी लागेलच असं नाही. बाजरीच्या एका भाकरीत या बदाम-अक्रोडांच्या चौपट लोह आहे आणि ती भाकरी मावशी रोज खातात. त्यांना खरी गरज आहे लोहाच्या गोळीची. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि एकेका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तिचा उल्लेख ना चिठ्ठीत ना कागदावर. बहुधा ती फुकट मिळते म्हणूनच.

आता कागदावरच्या त्या कोष्टकाकडे वळू. अमेरिकी कृषी खात्याचे आकडे घेतले, तर १०० ग्रॅम बदामात २१ ग्रॅम प्रथिनं, २६९ मिलिग्रॅम कॅल्शियम, पावणेचार मिलिग्रॅम लोह. १०० ग्रॅम कोथिंबिरीत प्रथिनं दोन ग्रॅम, कॅल्शियम ६७, लोह पावणेदोन. बदाम जिंकला, टाळ्या! पण कोथिंबिरीत ९२ टक्के पाणी आहे हो. बदामाची तुलना तुम्ही पाण्याशी करताय. तीच तुलना १०० कॅलरींवर करून बघा. १०० कॅलरींचे बदाम म्हणजे १७ ग्रॅम, जेमतेम १४ दाणे : प्रथिनं साडेतीन-पावणेचार ग्रॅम. १०० कॅलरींची कोथिंबीर म्हणजे ४३५ ग्रॅम : प्रथिनं नऊ ग्रॅम, लोह साडेसात मिलिग्रॅमच्या वर. आता कोथिंबीर जिंकली! फक्त ती गुरासारखी चरावी लागेल, एवढंच. ज्याला जे जिंकवायचंय त्यानं तशी फूटपट्टी उचलावी. विज्ञानाचा एवढा स्वस्त वापर आमच्या गल्लीतला भोंदू ज्योतिषीही करत नाही.

तेव्हा हिरव्या पक्षानंही फार फुशारू नये. शेवग्याच्या वाळवलेल्या पानांत दुधाच्या सतरापट कॅल्शियम, ही मोबाइलवर फिरणारी आरती तुम्हालाही आली असेल. पान वाळवलं की पाणी जातं आणि उरलेल्याचा आकडा फुगतो. मग ती भुकटी शंभर ग्रॅम घ्यायची आणि दूध मात्र पातळच्या पातळ शंभर ग्रॅम! भुकटी चमचाभर पोटात जाते, दूध पेलाभर जातं, हे सांगायची जबाबदारी कुणाचीच नाही. आणि पोह्यांवर भुरभुरलेली दोन-तीन ग्रॅम कोथिंबीर? ती डोळ्यांना पोषक आहे, म्हणजे बघायला. कढीपत्त्याची तर बातच नको. त्याचे गुण गाणाऱ्या घरांतसुद्धा तो ताटाच्या कडेला ओळीनं मांडलेला असतो.

मराठीत नट म्हणजे रंगमंचावर मिरवणारा. बदाम-काजू तेच करतात आणि कोथिंबीर विंगेत उभी. पण हा ‘हर्ब’ नावाचा प्रकार आपल्याकडे कधी होता? युरोपात शेपूच्या दोन काड्या माशावर ठेवतात आणि त्याला हर्ब म्हणतात. आपण त्याच शेपूची आख्खी जुडी मुगाच्या डाळीत घालून परततो आणि घरभर वास सोडतो. मेथी बाहेर मसाल्याच्या बाटलीत, आपल्याकडे कढईभर. कोथिंबिरीची वडी करायची तर जुडी लागते, चिमूट नव्हे. फरक गुणाचा नाही, मापाचा आहे. जुडीनं खाल्लेल्या पाल्याला अर्थ आहे, भुरभुरलेल्याला नाही. आणि पार्सली? कोथिंबिरीच्याच कुळातली. तिच्यात क जीवनसत्त्व जास्त आहे हे कबूल, पण मावशींच्या वस्तीत ती आणायला विमान लागेल.

शिवाय ‘विरुद्ध’ कशाला? कोथिंबिरीत आहे ते बदामात नाही : अ जीवनसत्त्व देणारं कॅरोटीन, क, आणि के. बदामात आहे ते कोथिंबिरीत नाही : स्निग्धांश आणि भरघोस ई. कॅरोटीन अंगी लागायला स्निग्धांश लागतो. धान्यातलं लोह शोषायला क जीवनसत्त्व मदत करतं. म्हणून शेंगदाणे, कोथिंबीर, मिरची, लसूण एकत्र वाटून वरून लिंबू पिळलं की तुमच्या कोष्टकाचे दोन्ही रकाने एका वाटीत येतात. या चटणीवर कुठल्या परिषदेत शोधनिबंध वाचला गेला नाही म्हणून ती अडाण्यांची.

शेंगदाण्याचं नाव त्या कागदावर नव्हतंच. १०० ग्रॅमला जवळपास २६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे बदामाहून जास्त, आणि किंमत पाचव्या-सहाव्या हिश्शाची. वनस्पतिशास्त्रानं तो शेंगेतला, कडधान्याच्या गोतातला; पण म्हणून काय झालं? १९९६ मध्ये आंद्रे ब्रियां या फ्रेंच बालरोगतज्ज्ञानं कुपोषित मुलांसाठी तयार आहार बनवला, ‘प्लम्पीनट’. आफ्रिकेत असंख्य मुलं त्यावर तगली. त्याचा पाया शेंगदाणा आहे, महागडा मामरा बदाम नव्हे. ओलसर, बुरशी धरलेले दाणे मात्र फेकावेत, त्यात अफ्लाटॉक्सिन असतं; चिक्कीवाल्यांनीही हे ऐकावं.

बदाम वाईट, असं मी म्हणत नाहीये. रोज मूठभर खाणाऱ्याच्या वाईट कोलेस्टेरॉलला तो थोडा आवर घालतो. फक्त त्यानं बुद्धी वाढते, ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट खरी असती, तर सोसायटीच्या वार्षिक सभा इतक्या लांबल्या नसत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यांना मामरा बदाम लिहून देणारा शहाणा त्यांच्याशी बोलतच नसतो. तो आपल्याच वर्गातल्या कुणाशी तरी बोलत असतो.

कारण किंमत हेच आमचं पोषणमूल्य. नाशिकच्या बाजारात भाव पडला की शेतकरी कोथिंबिरीच्या उभ्या वावरात ट्रॅक्टर फिरवतो, काढणीची मजुरीही निघत नाही म्हणून. इकडे २०२४ मध्ये मुंबईतल्या एकानं समाजमाध्यमावर गाऱ्हाणं मांडलं, की भाजीबरोबर कोथिंबिरीचेही पैसे मोजावे लागलेले पाहून आईला धक्का बसला. मग घरपोच किराणा देणाऱ्या ‘ब्लिंकिट’नं ती फुकट द्यायला सुरुवात केली आणि लोक खूश झाले. जी वस्तू फुकट मागायची आम्हाला सवय आहे, तिच्यात जीवनसत्त्व असेलच कसं?

हे सगळं मी मावशींना तावातावानं ऐकवलं. गोळ्या कुठे मिळतील ते सांगितलं, जेवणावर लगेच चहा नको म्हणाले, भाकरीबरोबर लिंबू नि हिरवी चटणी. त्या मान डोलवत राहिल्या. मग मला आठवलं, दिवाळीत मीच त्यांना बदामांचा डबा दिला होता. मला तो एका ओळखीच्यांकडून आलेला, त्यांना बहुधा आणखी कुणाकडून. कडेची सोनेरी फीतही सुटलेली नव्हती. म्हटलं, “ते बदाम तरी खाल्लेत ना तुम्ही?”

“नाय वो. जावयाला दिला डबा.”

“अहो, तुमच्यासाठी दिला होता!”

मावशींनी पोळी उलटली. “मग जावयाला काय कोथमिरीची जुडी देऊ व्हय?”