बाळाच्या पोटाचं ऑपरेशन झालं, दूध पचेना. औषध का देत नाहीत?

कबनूर (ता. हातकणंगले) : आतडं पोटाबाहेर घेऊन किंवा आतड्यात अडथळा घेऊन जन्मलेल्या बाळाचं ऑपरेशन झालं, की घरचे विचारतात, ‘दूध कधी सुरू करणार?’ आतडं मात्र काही दिवस, कधी काही आठवडे सुस्तच राहतं. तोवर पोषण शिरेतून द्यावं लागतं. मुक्काम लांबतो, यंत्रमागावरचा पगार बुडतो. मग ‘पचनाचं औषध द्या’ असा आग्रह होतो.

पण खात्रीचं औषध अजून नाही. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आतड्याची हालचाल वाढवतं, म्हणून ब्रिटनमध्ये आतडं बाहेर असलेल्या बाळांना देऊन पाहिलं. २००४ मध्ये निकाल आला : पूर्ण दुधावर यायचे दिवस काही कमी झाले नाहीत. मेटोक्लोप्रमाइड वर्षाच्या आतल्या बाळांना देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये सांगितलं. डोम्पेरिडोननं हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

त्यामुळं डॉक्टर थांबा म्हणतात, तो हलगर्जीपणा नव्हे. आईचं दूध काढून थोडं थोडं वाढवत नेणं, हाच भरवशाचा रस्ता. घरी आल्यावर मेडिकलमधून आपल्या मनानं थेंब आणू नयेत, बाळगुटीही नको. हिरवी उलटी झाली, पोट फुगलं किंवा शी थांबली, तर वाट न बघता दवाखाना गाठावा. १०८ रुग्णवाहिका मोफत आहे. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. खर्चाच्या भीतीनं उशीर करू नये.