टाइल कापायची तर पाण्यात!

गेल्या महिन्यात गळक्या नळांबद्दल लिहिलं, तेव्हा बाथरूमच्या नूतनीकरणाबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे हाताने काही करायची संधी मिळाली की जरा जास्तच उत्साह येतो. या वेळी मात्र उत्साहापेक्षा काळजी जास्त होती.

आमचं घर दांडिया बाजारच्या जुन्या वस्तीतलं. आजोबांच्या काळची मोझॅक लादी, आणि बाथरूममध्ये इतकी ओल की भिंतीला बोट लावलं तर रंग हातात. शेवटी सगळं फोडायचं ठरलं. मोरबी आपल्याच राज्यात असल्यामुळे टाइलला तोटा नाही. जमिनीला व्हिट्रिफाइड आणि भिंतींना ३०० बाय ६०० मि.मी.च्या सिरॅमिक टाइल आणल्या. कडियाकाका आले, बरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मदतनीस. गॅलरीत बसून काकांनी हातातला मार्बल कटर सुरू केला आणि दोन मिनिटांत गॅलरी दिसेनाशी झाली.

संध्याकाळी लोणच्याच्या बरण्यांवर, तुळशीवर, बाबांच्या चष्म्यावर पांढरा थर. आईला दमा आहे, तिने रात्रभर खोकून काढली. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की काकाही खोकतायत. विचारलं, तर हसून म्हणाले, "भाई, हा तर धंद्याचा खोकला." मुलाच्या नाकावर हातरुमाल बांधलेला होता, तोही पांढराफटक.

ती धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. टाइलमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूपातली सिलिका असते. कोरडी कापली की तिचे अतिसूक्ष्म कण उडतात. डोळ्यांना दिसते ती धूळ बरीचशी नाकात-घशात अडकते. दिसत नाही ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. वर्षानुवर्षं हे चाललं तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. आपल्यापासून दीड-दोन तासांवरच्या खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची व्यथा हीच. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४पासून स्वयंपाकघराच्या ओट्याला वापरतात तो कृत्रिम क्वार्ट्झचा दगडच बंद केला, कारण तो कापणारे तरुण कामगार आजारी पडत होते.

उपाय जुना आणि साधा आहे: पाणी. पातं जिथे टाइलला भिडतं तिथे पाणी असलं की धूळ उडण्याआधीच चिखल होते. म्हणून मी पाण्यावर चालणारा कटर शोधायला निघालो. दुकानात पर्याय चार दिसले.

१. हाताने दाबायचा कटर. यात मोटर नसते. चाकाने टाइलवर रेघ ओढायची आणि दांडी दाबली की टाइल त्या रेघेवर तुटते. धूळ जवळजवळ नाही, वीज नाही. सरळ कापासाठी उत्तम. पण एल आकाराचा काप किंवा अगदी बारीक पट्टी यावर नीट निघत नाही.

२. हातातला मार्बल कटर. आपल्याकडे सगळे कडिये वापरतात तो. पातं ११० मि.मी.चं, स्वस्त, कुठेही नेता येतो. काहींना पाण्याची नळी जोडता येते. पण बऱ्याच ठिकाणी एक जण कापतो आणि दुसरा बाटलीने पाणी ओततो. मोटर तिथेच, बोर्ड तिथेच, पायाखाली पाणी. हे धाडस करू नका.

३. टेबल कटर. छोटं टेबल, खाली पाण्याचं तबक, त्यात बुडून फिरणारं साधारण १८० मि.मी.चं पातं. टाइल आपण हाताने पुढे सरकवायची. घरच्या एक-दोन बाथरूमसाठी हा पुरेसा.

४. रुळावरचा कटर. यात टाइल जागेवर राहते आणि पातं रुळावरून सरकतं, पाणी पंपाने येतं. मोठ्या टाइलसाठी सगळ्यात चांगला, पण महाग आणि जड. एका घरासाठी विकत घेण्यापेक्षा भाड्याने मिळाला तर बघावा.

मी टेबल कटर घेतला. निवडताना काय पाहिलं, ते सांगतो.

आधी टाइल मोजा, मग मशीन. जमिनीची टाइल ६०० बाय ६०० असेल आणि ती तिरकी कापायची असेल तर कर्णच जवळजवळ ८५० मि.मी. भरतो. चार बाय दोन फुटांची, ९ मि.मी. जाडीची टाइल पंधरा किलोच्या आसपास जाते. ती लहानशा टेबलावर एकट्याने सरकवणं जमत नाही, टोक कललं की काप वाकडा. अशा टाइल असतील तर तिसरा पर्याय सोडून चौथ्याकडे वळा, किंवा सरळ काप पहिल्यावर मारा.

वेग जास्त म्हणजे चांगला, असं नाही. हातातला कटर मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेतो. ११० मि.मी.च्या पात्याची कड म्हणजे ताशी २७० कि.मी. वेगाने धावते! टेबल कटरचं १८० मि.मी.चं पातं सुमारे २,९५० फेरे घेतं, म्हणजे कडेचा वेग ताशी १०० कि.मी. वेळ थोडा जास्त लागतो, पण हाताला धक्के कमी आणि कड स्वच्छ.

पातं सलग कडेचं घ्या. खाचा असलेलं पातं काँक्रीटसाठी, टाइलचा पृष्ठभाग ते उडवतं. खरं तर हे पातं कापत नाही, घासतं. धातूत रोवलेले हिऱ्याचे बारीक कण असतात; धातू झिजतो तसे नवे कण वर येतात. कडक व्हिट्रिफाइडवर कधीकधी पातं गुळगुळीत होऊन चालेनासं होतं. फेकू नका. लाल विटेवर दोन-चार काप मारा, पुन्हा चालू लागतं. नवं घेताना मधल्या भोकाचा व्यास आणि पात्यावर छापलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनशी जुळवून बघा, आणि बसवताना बाणाची दिशा.

दुकानातच एक काप मारून बघा. घरून टाइलचा तुकडा न्या. कापल्यावर गुण्या लावा. टाइल टेकवायची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट बसते का, पातं डोलतं का, कोपऱ्यांसाठी ४५ अंशात झुकतं का, पात्यावर झाकण आहे का, आणि दुरुस्तीची सोय गावात आहे का, एवढं विचारा.

वीज. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर मशीनच्या आधी तो बसवा. वायरीत करंट गळला तर तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. एमसीबी हे काम करत नाही. सॉकेटला अर्थिंग हवं. वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तळाशी गळून पडतं, सॉकेटपर्यंत पोचत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका.

मशीन घरी आलं आणि खरी अडचण सुरू झाली. काका त्याला हात लावेनात. म्हणाले, "पाणीथी लीटी भूंसाई जाय." पाण्याने पेन्सिलीची रेघ पुसते, मग कापायचं कुठे? मुद्दा बरोबर होता. चिकटपट्टी लावून तिच्यावर पक्क्या मार्करने रेघ मारली, ती टिकली. मग म्हणाले, वेळ लागतो. तोही मुद्दा बरोबर! त्यांचा भाव स्क्वेअर फुटावर. माझ्या आईचा दमा वाचवायला त्यांनी आपली मजुरी का बुडवावी? धूळ हा अडाणीपणा आहे, असं मी तोवर समजत होतो. खरं तर तो हिशेब होता, आणि त्या हिशेबात मीही होतो, कारण तीन ठिकाणी विचारून सगळ्यात कमी भाव मीच निवडला होता.

बाबांनी तोडगा काढला. कापण्याचं काम रोजावर, बसवण्याचं फुटावर. एकूण खर्च दोन दिवसांच्या मजुरीने वाढला. नळाच्या कॉक एवढ्याने तो निघाला असता; आम्ही भारीतला कॉक टाळला.

पहिल्या दिवशी दोन टाइल फुटल्या. मग जमलं. टाइलचं तोंड वर ठेवायचं, ढकलायचं नाही, नुसतं टेकवून पुढे न्यायचं. शेवटचा इंच उरला की हात आणखी हळू, नाहीतर कोपरा उडतो. एल काप मारताना पातं खालून येत असल्यामुळे जास्तीचा काप टाइलच्या पाठीला जातो, दर्शनी बाजूला दिसत नाही. तबकातलं पाणी पात्याला लागतंय ना, ते दर थोड्या वेळाने बघायचं. डोळ्यांना गॉगल, कानात बोळे, सैल बाही किंवा ओढणी नको. थोडी धूळ, तुषार उडतातच, म्हणून एन-९५ मास्क. हातरुमालाने काही अडत नाही. आणि तबकातला चिखल मोरीत ओतू नका, पाइपात घट्ट बसतो. रात्रभर बादलीत ठेवा, वरचं पाणी झाडाखाली न टाकता अंगणात काढा, खालचा गाळ वाळला की कचऱ्यात.

आईला त्या आठवड्यात एकदाच पंप घ्यावा लागला, तोही फोडाफोडीच्या दिवशी.

काकांना मी छातीचा एक्स-रे काढून घ्यायला सांगितलं. सरकारी दवाखान्यात बरोबर येतो म्हटलं. "होळीनंतर बघू," म्हणाले. होळी होऊन गेली. मी फोन करतो, ते दुसऱ्या साइटवर असतात. मागे कटरचा आवाज असतो, आणि तो कोरडा आहे की ओला हे फोनवर कळत नाही.

परवा मात्र तो मुलगा दारात उभा. आता स्वतः छोटी कामं घेतो. म्हणाला, "भाई, ते पाण्याचं मशीन चार दिवस मिळेल का?" मशीन दिलं, मास्कचं पाकीटही दिलं. बाबा म्हणाले, परत आणेल का? न आणलं तरी चालेल, असं माझ्या मनात आलं.

तुमच्या घरी काम निघालं तर मशीन विकत घ्याच, असं माझं म्हणणं नाही. पण भाव ठरवताना एक वाक्य जरूर बोला: "टाइल पाण्यात कापायची, आणि त्याचे पैसे वेगळे." पुढच्या महिन्यात बोलू गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल, पावसाच्या आधी!