बस ऑपरेटरची, पैसा करदात्यांचा. मग हिशेब कुठे आहे?

मा. महापौर, इंदूर, आणि अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेडचे संचालक मंडळ यांस,



केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून इंदूरला विजेवरच्या 150 बस मंजूर झाल्या. या योजनेत बस ऑपरेटरच्या मालकीची असते आणि त्याला पैसे किलोमीटरमागे मिळतात. तिकिटाचे उत्पन्न कमी पडले तर तूट आपल्या, म्हणजे आमच्याच तिजोरीतून भरावी लागते. केंद्राची मदत दहा वर्षांपुरती आहे. अकराव्या वर्षी काय करायचे, हे आपण ठरवले आहे का?

बस भाड्याने घ्यायला आमचा विरोध नाही. महागडी बॅटरी बदलायची वेळ आली की तो भार ऑपरेटरने उचलावा, यात शहाणपण आहे. पण विकत घेतलेली बस कर्ज फिटल्यावर शहराची होते. भाड्याच्या बसचे पैसे दहा वर्षे मोजूनही करार संपला की हात रिकामेच राहतात. या दोन्ही खर्चांची तुलना आपण कुठे प्रसिद्ध केली आहे?

2005 साली राज्याने परिवहन महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी आपली कंपनी उभी राहिली, खाजगी ऑपरेटरच्या बसच्या बळावर. खाजगी भागीदारीने सेवा सुधारेल, असे तेव्हा आम्हाला सांगण्यात आले. वीस वर्षे झाली. वेळेवर आणि गल्लीपर्यंत पोहोचणाऱ्या बसची वाट आम्ही अजून पाहतो आहोत, हे आपल्याला ठाऊक आहे.

2013 मध्ये एबी रोडवर साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, सुरू झाला. पलासिया, गीता भवन, नवलखा येथे रस्त्याच्या मधोमध थांबे उभे राहिले आणि त्यांच्यासाठी उजव्या बाजूला दार असलेल्या बस आल्या. 2025 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने तो हटवायला मुभा दिली. रेलिंग उखडता येते, पण त्या मार्गासाठी घेतलेल्या बस आणि केलेले करार यांचे पुढे काय? बारा वर्षांत मार्गच बदलणार असेल, तर दीर्घ मुदतीच्या कराराची खात्री आपण कशाच्या आधारे देता?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. प्रति किलोमीटर दर, किमान किलोमीटरची हमी, चुकलेल्या फेरीचा दंड आणि मुदतीनंतर डेपो व चार्जिंग यंत्रणा कोणाच्या ताब्यात राहणार, हे सारे मराठी-हिंदीत, सामान्य माणसाला वाचता येईल असे जाहीर करा. हे कागद आपल्याकडे आहेत. ते आम्हाला दाखवायला आपल्याला कोणती अडचण आहे, याचे लेखी उत्तर द्यावे.

आपला,
इंदूरचा एक करदाता नागरिक